महागलेले हात

१८ जून १३४९ रोजी इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने एक वटहुकूम काढला. देशात तेव्हा प्लेगने माणसे पटापट मरत होती. साथीमुळे जानेवारीतली संसदेची बैठक पुढे ढकलावी लागली होती. कँटरबरीचा नवा आर्चबिशप गादीवर बसण्याआधीच मे महिन्यात गेला आणि त्याच्या जागी आलेला थॉमस ब्रॅडवर्डाइन ऑगस्टअखेर गेला. राजाची स्वतःची मुलगी जोन लग्नासाठी स्पेनकडे निघाली होती. आदल्या वर्षी वाटेत बोर्दो इथे तिने प्राण सोडला होता. अशा वेळी निघालेल्या या हुकमाचा विषय होता मजुरी. साठ वर्षांखालच्या ज्या धडधाकट माणसाला स्वतःची पुरेशी जमीन किंवा धंदा नाही, त्याने सांगितले जाईल ते काम करावे. मजुरी साथीच्या आधीच्या दराने, म्हणजे १३४६ च्या सुमाराची घ्यावी. नकार देईल त्याला तुरुंग. अंगात बळ असलेल्या भिकाऱ्याला भीक घालण्यालाही बंदी झाली, कारण भीक मिळाली तर तो कामाला येणार नाही.

मध्ययुगातल्या प्लेगची हकिकत बहुधा प्रेतांनी भरलेल्या खड्ड्यांपासून सुरू होते. ते खड्डे खरे आहेत आणि त्यांच्याकडे आपण वळणारच आहोत. पण त्या साथीने समाजात नेमके काय उलथवले हे समजून घ्यायचे असेल, तर मला हा कोरडा वटहुकूम जास्त बोलका वाटतो. मेलेल्यांना पुरून होण्याआधीच राज्यकर्त्यांना एक भीती वाटू लागली होती. ती होती जिवंत उरलेल्या गरिबांची.

मराठी वाचकाला प्लेग म्हटले की १८९६ ची मुंबई आणि १८९७ चे पुणे आठवते. घरे तपासणारे गोरे शिपाई, रँडचा खून, आणि रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले. या रोगाचा जिवाणू अलेक्सांद्र येर्सँ याने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. चौदाव्या शतकात युरोपचा संहार करणाराही हाच जिवाणू होता. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड भागात १३४८-४९ मध्ये पुरलेल्या माणसांच्या दातांतून त्याचा जनुकीय आराखडा मिळाला आणि २०११ मध्ये ही गोष्ट निर्विवाद ठरली. उंदरांवरच्या पिसवांतून तो माणसात येतो, जांघेत आणि काखेत गाठी उठतात, आणि त्या काळी गाठ उठलेल्यांपैकी बहुतेक जण आठवड्याच्या आत दगावत. रोग फुप्फुसात उतरला तर दोन-तीन दिवसही मिळत नसत.

काळ्या समुद्राकाठच्या काफा या बंदरात जिनोआच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती. तिथून निघालेली जहाजे ऑक्टोबर १३४७ मध्ये सिसिलीच्या मेसिना बंदराला लागली. पुढच्या जानेवारीत रोग जिनोआ, व्हेनिस आणि मार्सेय इथे होता, वसंतात फ्लॉरेन्समध्ये, उन्हाळ्यात पॅरिसमध्ये आणि शरदात लंडनमध्ये. १३५३ मध्ये तो मॉस्कोला पोचला. या पाच-सहा वर्षांत युरोपातली एकतृतीयांश ते निम्मी माणसे गेली. इंग्लंडची वस्ती सुमारे ५० लाख होती, ती १३७७ पर्यंत २५ लाखांवर आली, कारण १३६१ मध्ये साथ पुन्हा आली, १३६९ मध्ये पुन्हा आली, आणि पुढेही येत राहिली.

आकड्यांच्या आत काय होते ते इटलीतल्या लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. फ्लॉरेन्सचा इतिहास वर्षानुवर्षे लिहीत आलेला जोव्हान्नी व्हिल्लानी याच साथीत मेला आणि त्याची वही भावाने पुढे चालवली. सिएनाच्या अन्योलो दि तूरा याने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याची नोंद केली आहे. बोकाचियोने आपल्या 'डेकॅमेरॉन'च्या सुरुवातीला फ्लॉरेन्सचे जे वर्णन केले, त्यात गाठींपेक्षा तुटलेल्या नात्यांवर अधिक मजकूर आहे. भाऊ भावाला टाकतो, बायको नवऱ्याला, आणि आईबापही मुलांच्या खोलीत जायला धजावत नाहीत. त्या समाजात मरणाला ठरलेला विधी होता. शेजारणी जमायच्या, पाद्री यायचा, बिछान्याशी पापांची कबुली व्हायची, आणि मग अख्ख्या आळीची अंत्ययात्रा निघायची. ते सगळे काही आठवड्यांत बंद पडले. त्या काळच्या माणसांना मरणाइतकेच हे असह्य झाले, कारण विधीविना मरणे म्हणजे त्यांच्या लेखी परलोकही गमावणे होते.

इंग्लंडमध्ये बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ यांनी जानेवारी १३४९ मध्ये आपल्या भागातल्या लोकांना पत्र पाठवले. पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने कोणाही सामान्य माणसापाशी पापांची कबुली द्यावी, आणि पुरुष नसेल तर बाईपाशीही द्यावी, अशी मुभा त्यांनी दिली. ज्या चर्चने हा अधिकार शतकानुशतके फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांच्या हाती ठेवला होता, त्याच्याच एका बिशपाने तो संकटात शेजारणीच्या हाती दिला. पाद्री का मिळत नव्हते? काही पळाले हे खरे. पण जे रोग्याच्या उशाशी गेले ते मेले, आणि अनेक भागांत नेमणुकीवरच्या पाद्र्यांपैकी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दगावले. त्यांच्या जागी घाईने आणलेल्या माणसांची तयारी कमी होती. पुढे जॉन विक्लिफसारख्यांनी चर्चच्या अधिकारावरच बोट ठेवले, तेव्हा ऐकणारे कान तयार होते, त्यामागे ही पडझड होती. पाद्र्यांची उणीव भरून काढण्याच्या विचारातूनही केंब्रिज आणि ऑक्सफर्डमध्ये नवी महाविद्यालये निघाली.

विद्वानांना कारण सापडत नव्हते. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने फ्रान्सच्या राजाला अहवाल दिला, की मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले आणि हवा दूषित झाली. ग्रहांना शिक्षा करता येत नाही. शिक्षा करता येईल असा कोणीतरी लोकांना हवा होता.

सप्टेंबर १३४८ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियाँ किल्ल्यात काही यहुद्यांचा छळ करून विहिरींत विष टाकल्याची कबुली घेण्यात आली. ती कबुली पत्रांतून शहरोशहरी गेली. पोप सहावा क्लेमेंट याने त्या वर्षी दोनदा फर्मान काढून सांगितले, की यहुदीही या रोगाने मरत आहेत आणि जिथे एकही यहुदी नाही तिथेही रोग आहे, मग दोष त्यांचा कसा? युक्तिवाद बिनतोड होता. ऐकले कोणी नाही. जानेवारी १३४९ मध्ये बाझेल शहरात ऱ्हाईन नदीतल्या बेटावर लाकडी घर बांधून यहुद्यांना त्यात जाळले. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने मात्र आपल्या यहुद्यांना संरक्षण द्यायचे ठरवले होते. तेव्हा कारागिरांच्या संघांनी ती सभाच उलथवली, आणि नव्या सभेने १४ फेब्रुवारी १३४९ रोजी त्यांना त्यांच्याच दफनभूमीत चिता रचून जाळले. इतिवृत्तात दोन हजारांचा आकडा आहे. तो वाढवलेला असू शकतो, पण वस्ती संपली हे नक्की. स्ट्रासबुर्गमध्ये त्या दिवशी प्लेग नव्हता. तो काही महिन्यांनी, उन्हाळ्यात आला.

मग जाळले कशासाठी? यहुद्यांकडे गहाण पडलेल्या वस्तू मालकांना परत दिल्या गेल्या, कर्जाचे कागद रद्द झाले, आणि सापडलेली रोकड कारागिरांत वाटली गेली. त्यांचा पैसा हेच त्यांना मारणारे विष होते, असा निर्वाळा त्याच शहराच्या इतिवृत्तकाराने पुढे दिला. साथीच्या भीतीने लोक वेडे झाले होते, असे म्हणून आपण अशा घटना पुष्कळदा निकालात काढतो. स्ट्रासबुर्गचे कागद तसे सांगत नाहीत. तिथे हिशेब करून माणसे मारली गेली, आणि भीतीने त्या हिशेबाला निमित्त दिले. ऱ्हाईनकाठचे वाचलेले यहुदी पूर्वेला पोलंडकडे सरकले. तिथल्या कॅसिमिर राजाने त्यांना संरक्षणाच्या सनदा दिल्या होत्या.

भीतीपोटी सगळीकडे असेच घडले, असेही नाही. १३४८ च्या उन्हाळ्यात इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. हाच तो प्रवासी, जो काही वर्षांपूर्वी आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला होता आणि तिथल्या मराठी लोकांबद्दल लिहून ठेवता झाला. दमास्कसच्या सुभेदाराने तीन दिवसांचा उपवास पुकारला. चौथ्या दिवशी सगळे शहर अनवाणी एका मशिदीकडे निघाले. मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तोराह घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, बायका आणि लहान मुलांसह. रोग तिथेही थांबला नाही. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला जाळलेही नाही. काही महिन्यांत इब्न बतूता घरच्या वाटेला लागला, तेव्हा आपली आई तंजीरमध्ये प्लेगने गेल्याचे त्याला कळले.

आता त्या वटहुकमाकडे परत येऊ.

साथीपूर्वी इंग्लंडमध्ये माणसे जास्त आणि जमीन कमी होती. १३१५ ते १३१७ च्या भीषण दुष्काळाने हे उघड केले होते. खेड्यातली निम्म्याच्या आसपास कुटुंबे भूदास होती. ती जहागीरदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नसत, आठवड्यातले काही दिवस त्याच्या शेतावर वेठीला राबत, मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसे देत, आणि पीठ त्याच्याच गिरणीवर दळून घेत. घरधनी मेला की घरातले सर्वांत चांगले जनावर जहागीरदाराच्या गोठ्यात जाई. १३४९ मध्ये या शेवटच्या रिवाजाचे काय झाले असेल याची कल्पना करावी. एकाच घरात बाप, मग मुलगा, मग पुतण्या. दरवेळी एक बैल किंवा गाय. गोठे ओसंडले आणि जनावरांची राखण करायला माणूस उरला नाही. लेस्टरचा मठवासी हेन्री नाइटन लिहितो, की शेळ्यामेंढ्या आणि गुरे शेतांतून, पिकांतून मोकाट हिंडत होती, हाकणारे कोणी नव्हते, आणि चाळीस शिलिंगांचा घोडा सातापेक्षा कमी शिलिंगांना मिळत होता.

जनावर स्वस्त झाले आणि माणूस महागला. नाइटनच म्हणतो, की साथीनंतरच्या सुगीत कापणीचा मजूर जेवण धरून आठ पेन्यांच्या खाली मिळेना आणि गवत कापणारा बारा पेन्यांच्या खाली. १३५१ मध्ये संसद भरली, तेव्हा तिने वटहुकमाचा कायदा केला आणि दर बारकाईने ठरवून दिले. खुरपणी आणि गवत वाळवण्याला दिवसाला एक पेनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणीला दोन पेन्या, दुसऱ्या आठवड्यापासून तीन. नाइटनचे आठ आणि संसदेचे दोन-तीन, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत पुढची तीस वर्षे झगडा चालला.

कायद्याची बाकीची कलमे वाचली की मजूर काय करत होते ते उलट्या बाजूने कळते. नांगऱ्या, गाडीवान आणि मेंढपाळ यांनी सालाने राबावे, रोजंदारीने नव्हे, असे एक कलम आहे. म्हणजे सालगडी रोजंदारीकडे वळले होते, कारण उद्या दुसरा मालक जास्त देईल हे त्यांना समजले होते. मजुरांनी अवजारे उघड हातात घेऊन बाजारगावी यावे आणि चारचौघांत काम ठरवावे, असे दुसरे कलम आहे. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. म्हणजे मालक चोरून, आडबाजूला, कायद्यापेक्षा जास्त मजुरी कबूल करत होते. ज्या जमीनदारांनी संसदेत दर बांधले, त्यांनाच आपले पीक वाचवण्यासाठी शेजाऱ्याचा मजूर फोडावा लागत होता. गावोगावी खोडे उभारण्याचाही हुकूम झाला, जास्त मजुरी मागणाऱ्यांना त्यात अडकवण्यासाठी.

मुंबईतही याचा पडसाद सापडतो. १८९७ च्या प्लेगमध्ये गिरणी कामगार हजारोंनी कोकण-घाटाकडे निघून गेले, तेव्हा उरलेल्यांसाठी रस्त्याच्या कोपऱ्यांवर मजुरीची बोली लागली आणि पगार हाती राखून ठेवणाऱ्या गिरण्यांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले. काळ, देश, धंदा सगळे वेगळे. साथीने हात कमी केले की हातांचा भाव वाढतो, एवढे समान.

इंग्लंडमध्ये हजारो मजुरांवर खटले झाले, दंड झाले. आरोपींत बायका पुष्कळ आहेत, कारण कापणीला आणि मळणीला त्याही वाढीव मजुरी मागत होत्या. तरी मजुरी चढत गेली. सुरुवातीला धान्यही महाग होते, पण १३७० च्या दशकाच्या मध्यापासून धान्य उतरले आणि मजुरी उतरली नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मजुराच्या दिवसभराच्या कमाईतून जेवढे विकत येई, ते साथीपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाले होते. कापणीच्या दिवसांत शेतावर मिळणाऱ्या जेवणाचे हिशेब जहागिरींच्या वह्यांत आहेत. त्यांत जवाची भाकरी मागे पडून गव्हाची येते, मांस वाढते, बिअर वाढते. युरोपच्या गरिबांच्या इतिहासात एवढे पोटभर दिवस पूर्वी क्वचितच आले होते, आणि ते निम्मी माणसे मेल्यामुळे आले होते. ही गोष्ट मला आजही नुसती वाचून पुढे जाता येत नाही.

पोटापाठोपाठ अंगावरचे कपडे बदलले. १३६३ मध्ये संसदेने पोशाखाचा कायदा केला आणि नांगऱ्या, गाडीवान, मेंढपाळ यांनी जाडेभरडे घोंगडीचे कापडच वापरावे असे ठरवले. तो लवकरच मागे घ्यावा लागला. पण असा कायदा करावासा वाटला यातच सगळे आले. नोकराची बायको मालकिणीसारखी दिसू लागली होती, आणि वरच्या थरातल्यांना आपली पायरी निसटल्यासारखे वाटत होते.

बंडाची ठिणगी पडली करामुळे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी १३८० मध्ये पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसावर बारा पेन्यांची डोईपट्टी बसली. मे १३८१ अखेर एसेक्समध्ये वसुलीवाल्यांना हाकलून दिले गेले. १३ जूनला एसेक्स आणि केंटचे शेतकरी लंडनमध्ये शिरले. पुढारी होता वॉट टायलर. सोबत जॉन बॉल हा धर्मोपदेशक होता, जो सांगत होता की आदम आणि इव्हच्या काळी कोणी सरदार नव्हता. १४ जूनला माइल एंड इथे चौदा वर्षांच्या रिचर्ड राजापुढे त्यांनी मागण्या ठेवल्या. भूदासत्व रद्द करा, जमिनीचा खंड एकरी चार पेन्या ठेवा, आणि मजुरी ठरवण्याची मोकळीक द्या. राजाने होकार दिला. त्याच दिवशी बंडवाल्यांनी लंडनच्या किल्ल्यात शिरून आर्चबिशप सडबरीचा शिरच्छेद केला, आणि शहरात राहणाऱ्या परदेशी फ्लेमिश विणकरांचीही कत्तल झाली. गरिबांचे बंड म्हणून ही हत्या झाकून ठेवता येणार नाही. १५ जूनला राजासमोरच टायलरला मारले गेले, आणि जुलैच्या सुरुवातीला राजाने सगळ्या सनदा परत घेतल्या.

त्या बंडातला एक प्रसंग लंडनबाहेर, सेंट ऑल्बन्सला घडला. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथल्या मठाधिपतीने गावकऱ्यांची घरची जाती जप्त केली होती, म्हणजे सगळ्यांनी मठाच्या गिरणीवरच दळावे. ती जाती त्याने आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीला बसवली. घरच्या जात्यावर हक्क सांगणाऱ्यांना रोज पायाखाली तुडवण्याची ही व्यवस्था होती. १३८१ मध्ये गावकरी मठात घुसले, ती फरशी उखडली, जाती फोडली आणि त्यांचे तुकडे चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीसारखे आपसांत वाटून घरी नेले. बंडवाल्यांनी जागोजाग जहागिरींचे दप्तरही जाळले, कारण कोण भूदास आणि कोण नाही हे त्याच दप्तरात लिहिले होते.

प्लेगने गरिबांना मुक्त केले, असे सोपे समीकरण अनेक पुस्तकांत आढळते. ते मला पटत नाही. तीच साथ कैरोत आली, तेव्हा नाईलचे कालवे उपसायला माणसे उरली नाहीत आणि शेते गाळाने भरली. जहागिरी भोगणारे मामलूक सरदार एकजूट होते. त्यांनी उरलेल्या शेतकऱ्याला आणखी पिळले आणि इजिप्तची शेती खचली. एल्बे नदीच्या पूर्वेला, प्रशिया आणि पोलंडकडे, जमीनदारांनी मजुरांच्या टंचाईवर काही पिढ्यांत उलटा उपाय काढला. मोकळ्या शेतकऱ्यांनाच जमिनीशी बांधून टाकले, आणि ती गुलामगिरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. जिवाणू सगळीकडे एकच होता. फरक पडला तो जमीनदारांत किती एकी होती, राजाचा हात किती दूर पोचत होता, आणि शेतकऱ्याला पळून जायला दुसरे गाव, दुसरा मालक होता की नाही यामुळे.

इंग्लंडमध्ये ते दुसरे गाव होते. रिचर्डने सनदा फाडल्या, पण रात्री झोपडी सोडून गेलेल्या भूदासाला परत आणणे त्याच्या हाती नव्हते, आणि पुढच्या गावचा जमीनदार त्याला काही न विचारता कामावर घेत होता. मागे उरलेल्यांना टिकवण्यासाठी जहागीरदारांनी एकेक करून वेठ सोडली, खंड रोखीत घेतला, आणि कुळाच्या हक्काची दप्तरातली नोंद नक्कल करून त्याच्याच हाती दिली. भूदासत्व रद्द करणारा कायदा इंग्लंडच्या संसदेने कधीच केला नाही. १६०० साल आले तेव्हा देशात भूदास जवळजवळ उरले नव्हते.